टायपिंगअक्का आणि भारतीचा डंक

टायपिंग इन्स्टिट्यूट बंद करून बराच काळ लोटला, तरी शकुंतला हुद्दारांच्या दारात माणसं येतच होती. धारवाडच्या मळमड्डीतल्या त्या अरुंद गल्लीत एखादी स्कूटर थांबायची, स्कूटरवरचा माणूस हातातल्या फोनकडे बघायचा, मग दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "इथं टायपिंग शिकवतात ना?"

"शिकवत होते," शकुंतलाबाई म्हणायच्या. मग त्या माणसाला पाणी द्यायच्या, लांबून आला असेल तर चहा. तो गेला की घरात काढलेल्या दातासारखी एक जागा रिकामी राहायची आणि दिवसभर मन जिभेसारखं तिथंच जायचं.

एकदा त्यांनी एकाला विचारलंच, "बाबा रे, तुला इथला पत्ता दिला कुणी?" त्यानं फोन पुढं केला. नकाशावर त्यांच्या घराच्या डोक्यावर एक तांबडी खूण होती, खाली इन्स्टिट्यूटचं नाव, वेळ, आणि कुण्या जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलेलं 'बाई कडक आहेत पण चांगल्या आहेत.' शकुंतलाबाईंना आधी भरून आलं, मग राग आला. ती खूण काढायची कशी हे त्या चार जणांना विचारत, व्हिडिओ बघत शिकल्या. शेवटी फोननं त्यांना विचारलं, ही जागा कायमची बंद झाली आहे का? टायपिंगची मशिनं भंगारवाल्यानं नेली त्या दिवशी त्या मुद्दाम बेळगावला बहिणीकडे जाऊन बसल्या होत्या. हे काम मात्र स्वतःच्या अंगठ्यानं करावं लागलं.

अंगठा उचलला आणि त्यांनी नकाशा थोडा सरकवून बघितला. त्यांच्या मेलेल्या संस्थेखेरीज गल्लीतलं कुणीच तिथं नव्हतं. फॉल-पिको करणारी रूपाली नव्हती, सायकलवाला नव्हता, समोरचा न्हावी नव्हता. जिवंत माणसं जगाच्या हिशेबी नव्हतीच.

इथून त्यांचा नवा धंदा सुरू झाला. त्याला धंदा म्हणायला त्या आधी लाजत होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. वेळ होता, कानडी आणि मराठी दोन्हींत बोटं चालत होती, आणि गावात 'टायपिंगअक्का' हे नाव होतं. दुकानाची जागा नकाशावर टाकायची, फोटो काढायचे, फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळींची जाहिरात लिहायची, लोक काय लिहितात त्याला उत्तर द्यायचं. महिन्याचे थोडेसे पैसे, नाही जमले तर दुकानातला माल. त्यांच्या घरी त्या काळात बॅटरीचे सेल आणि साडीच्या पिना कधी संपल्या नाहीत.

रूपालीला एका बाईनं पाचातला एकच तारा दिला तेव्हा रूपाली तो फोन घेऊन रडत आली होती. "अक्का, ह्याला उत्तर काय लिहायचं?" शकुंतलाबाई विचार करेपर्यंत रूपालीनं त्या बाईचं घर शोधून काढलं होतं, कारण धारवाडात कुणाचं घर सापडत नाही असं होत नाही. ती ब्लाऊजपीस आणि फुलं घेऊन तिथं गेली, फॉल पुन्हा लावून दिला, हळदीकुंकू घेऊन आली. संध्याकाळी एकाचे पाच तारे झाले. शकुंतलाबाईंनी हे कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं.

त्यांची काम करायची एक रीत होती. फोन बाहेर काढण्याआधी त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर एक अख्खी सकाळ बसायच्या. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. कोण येतं, काय मागतं, कशावर अडतं, कशासाठी परत येतं. "अक्का, फोटो कधी काढणार?" असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आधी मला तुझं दुकान दिसू दे की."

ही रीत त्यांनी एकदाच मोडली, आणि ती भारतीच्या डंकावर.

डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं, वर पट्ट्यावर खाली-वर होणारी मुसळं. होळीच्या अलीकडे मिरच्या वाळल्या की अक्षय तृतीयेपर्यंत गावातल्या बायका वर्षाचं तिखट कुटून घ्यायला येतात. भारतीचा डंक धारवाड स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये होता. सासऱ्यांनी बसवलेला. भारती अळणावरजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आधी डंक शिकवला, चूल नंतर. आता सासरे नव्हते आणि मुसळाचा आवाज ऐकून मिरचीत दमटपणा किती आहे हे ओळखणारी ती एकटीच उरली होती. तिचा नवरा महेश टेम्पो चालवायचा. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून कापडाचे गठ्ठे आणि धान्याची पोती उचलून धारवाडच्या दुकानांत टाकायचा. पाकिटातलं तिखट घराघरात शिरलं तसं डंकावरचं गिऱ्हाईक आटत चाललं होतं.

शिवरात्र झाली आणि भारती शकुंतलाबाईंच्या दारात आली. उभी राहिली, बसेना.

"अक्का, आमचे हे म्हणतात, डंक विकायला काढलाय. हुबळीचा शंकरण्णा भंगारवाला येऊन बघून गेला. शेड झेरॉक्सवाल्याला भाड्यानं देणार."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, एक हंगाम द्या. अक्षय तृतीयेपर्यंत. गिऱ्हाईक आलं तर ठेवू, न्हाई आलं तर न्या." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "अक्का, मला दुसरं काय येतंय? मी भाकरीला जाईन, भांड्याला जाईन, त्याचं काय न्हाई. पन तिथं मला कोन विचारंल, भारती, बारीक झालं का म्हणून?"

शकुंतलाबाईंनी तिला पाणी दिलं. भंगारवाल्याचं नाव ऐकून त्यांना स्वतःची मशिनं आठवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या रीतीप्रमाणे डंकावर बसायला गेल्या. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि घशात जाळ झाला. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. आतल्या बायका हसल्या. "टायपिंगअक्का, इथं अक्षरं न्हाईत बरं का, इथं खार आहे, तिखट!" त्या बाहेर पळाल्या, रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि तिथूनच, मिटल्या डोळ्यांनी, त्यांना वाटलं आपल्याला सगळं कळलं. कोण शहाणी बाई इथं तासभर बसेल? लोक येत नाहीत ते ह्या खोकल्यामुळं. हा खोकलाच काढून टाकला तर?

घरी जाऊन त्यांनी जाहिरात लिहिली, आधी मराठीत, मग कानडीत. 'घरबसल्या ताजं तिखट! तुमची मिरची आम्ही घरून नेतो, कुटतो आणि घरपोच आणून देतो. खोकला नाही, शिंका नाही, ताटकळणं नाही.' महेशला विचारून टेम्पोच्या फेऱ्या ठरवल्या. लाल मिरचीच्या ढिगाचा एक सुंदर फोटो काढला. जाहिरात गावभर फिरली. स्वतःचं लिखाण त्यांनी दोनदा वाचलं आणि त्यांना ते आवडलं.

फोन खणखणू लागला.

"मिरची तुम्ही घरून नेणार?" एका बाईनं विचारलं.

"होय की."

"आणि आम्ही?"

"तुम्ही घरीच बसायचं."

"मग कुटताना बघणार कोण?"

"भारती बघते ना. तिचं कामच आहे."

"ती कशाला बघेल? मिरची माझी आहे." फोन बंद.

दुसरा फोन एका गृहस्थांचा. आवाज दबका, मागून कुणीतरी सांगत होतं ते ते पुढं सांगत होते. "आमची आई म्हणते, आमच्या ब्याडगीत कुणाची लवंगी मिसळली तर? आई म्हणते, नात परक्याच्या टेम्पोतून पाठवीन, मिरची नाही पाठवणार."

असे कितीतरी. सगळ्यांना जाहिरात आवडली होती, सगळ्यांनी चौकशी केली, आणि कुणीही मिरची दिली नाही. तेही चाललं असतं. पण चार दिवसांनी भारतीच आली. ह्या वेळी न बोलावता आत येऊन बसली.

"अक्का, आज आपली तीन कायमची गिऱ्हाइकं परत गेली. त्या पाटलीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, आता तू घराघरातून गोळा करून सगळ्यांचं एकत्र कुटतीस म्हणे? मी म्हटलं न्हाई हो बाई, तर म्हणाल्या, फोनवर आलंय. फोनवर आलंय म्हटल्यावर मी काय बोलू?"

तिच्या मागून महेश आला होता. तो उंबऱ्याशीच थांबला. "अक्का, राग मानू नका. तुमच्या फोननं गिऱ्हाईक आणलं नाही, होतं ते हाकललं. शंकरण्णाला आताच बोलवू, की तृतीयेपर्यंत वाट बघायचं नाटक करू?"

"महेश," भारती म्हणाली, "अक्कांसंग नीट बोला."

"नीटच बोलतोय की. वाकडं बोलायला अजून हंगाम आहे."

ती दोघं गेल्यावर शकुंतलाबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या. बाहेर ऊन होतं, एक कावळा पत्र्यावर नखं वाजवत चालला होता. आपण झाडाखाली उभं राहून आत बसलेल्या बायकांबद्दल लिहिलं, हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं. त्या बायका तिथं अडकून पडल्या होत्या असं आपण धरून चाललो. त्यांना कुणी विचारलं? त्यांनी जाहिरात पुसून टाकली. मग कपाटातून एक जुनं सुती लुगडं काढलं, फाडलं, ओलं करून पिळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक-तोंड बांधून त्या डंकावर जाऊन बसल्या.

पहिला अर्धा तास त्या नुसत्या जिवंत राहिल्या. मग डोळे निवले आणि दिसू लागलं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे दांडे आत आले होते आणि त्यांत तांबडी धूळ सावकाश वर चढत होती. भिंतीला लागून बाकावर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर किंवा पायाशी आपापली पिशवी, आणि प्रत्येक पिशवीला गाठ. नंबर आला की भारती उखळात मूठभर खडेमीठ टाकायची, मुसळाचे दोन ठोके द्यायची, ते मीठ काढून फेकायची, फडक्यानं उखळ पुसायची आणि बाजूला सरकायची. मग पिशवीवाली बाई पुढं व्हायची, वाकून उखळात बघायची, बोट फिरवायची, आणि मगच स्वतःच्या हातानं गाठ सोडायची. तोवर मुसळ वर थांबलेलं. ही सगळी माणसं खोकत होती, नाकं पुसत होती, आणि कुणालाही घाई नव्हती. सुनेची तक्रार, मिरचीचा भाव, कुणाच्या मुलाला बेंगळुरात नोकरी. मधूनच एखादी उठून चिमूट उचलायची, तळहातावर चोळून बघायची. "भारती, इन्नू सण्ण," अजून बारीक. "साकु, साकु," पुरे, पुरे.

शकुंतलाबाईंना वाटलं, आपण ह्यांच्याकडून नेमकी हीच गोष्ट काढून घ्यायला निघालो होतो.

दारातून कुणीतरी जोरात खोकलं. बँकेत काम करणारी अनिता होती. तिला दमा. ती पिशवी दारात ठेवून रस्त्यावर पळाली होती आणि हातातल्या फोनमधून तिची सासू ओरडत होती. पायाला प्लास्टर घालून सासूबाई घरी पडल्या होत्या, म्हणून ह्या वर्षी सुनेला पाठवावं लागलं होतं, आणि त्याचा भरवसा नव्हता म्हणून व्हिडिओ कॉल.

"अक्का, जरा धरता का हो?" अनितानं दुरूनच फोन पुढं केला. तिला धाप लागली होती. "मला आत येववत नाही, आणि ह्या सोडत नाहीत."

शकुंतलाबाईंनी फोन घेतला आणि आत गेल्या.

"कोण तुम्ही? अनिता कुठाय?"

"बाहेर आहे. खोकतेय."

"खोकू दे, मोकळं होईल. मला उखळ दाखवा."

शकुंतलाबाईंनी फोन उखळावर धरला.

"मीठ टाकून पुसलं का?"

"पुसलं."

"मला दिसलं नाही. परत पुसा."

भारतीनं न बोलता परत मीठ टाकलं, परत पुसलं. बाकावरच्या बायका माना लांब करून बघू लागल्या.

"आता पिशवी दाखवा. गाठ माझीच आहे ना? हां. माझीच. सोड गं भारती."

भारतीनं गाठ सोडली. मुसळं चालू झाली. पडद्यावर तो चष्मा लावलेला चेहरा जवळ जवळ येत गेला, इतका की शेवटी नुसता एक डोळा उरला. तो डोळा पापणी न हलवता मिरची कुटताना बघत राहिला. शेडमध्ये सगळे शिंकत होते. तो डोळा कोरडा होता.

फोनला डोळे आहेत, नाक नाही. हे इतकं साधं होतं की शकुंतलाबाईंना स्वतःचंच हसू आलं, आणि फडक्याआड हसल्यामुळं पुन्हा ठसका लागला.

त्या रात्री नव्हे, तिथंच, बदामाच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी नवी जाहिरात लिहिली. ह्या वेळी आधी भारतीला वाचून दाखवली, मग बाकावरच्या बायकांना. एकीनं शब्द बदलला, दुसरीनं वाढवला. शेवटी राहिलं ते असं: 'गाठ तुम्ही बांधा. तुम्ही बघितल्याशिवाय आम्ही सोडणार नाही. तुमचं तिखट, तुमच्या डोळ्यांसमोर, फोनवर. बाकावर येऊन बसायचं असेल तर बाक आहेच.' सोबत सुंदर ढिगाचा फोटो नव्हता. रिकामं, पुसलेलं उखळ दाखवणाऱ्या भारतीचा फोटो होता.

पाटलीणबाईंनी पहिला फोन केला. "आणि गाठ कुणी सोडून परत बांधली तर?"

"तुमची गाठ तुम्हाला ओळखू येत नाही का, बाई?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"येते की. न यायला काय झालं?" आणि पिशवी आली.

मग पिशव्या येतच राहिल्या. महेश दुर्गदबैलाची फेरी करून परतताना हुबळीतल्याही पिशव्या आणू लागला. गाठींचे प्रकार बघून तो थक्क व्हायचा. कुणी दोऱ्यानं शिवून टाकायचं, कुणी गाठीवर कुंकू लावायचं, एका आजोबांनी तर पिशवीला कुलूप लावून किल्ली वेगळ्या पाकिटात दिली होती. "अक्का, मी सोन्याचा टेम्पो चालवतोय असं वाटायला लागलंय," तो कुरकुरला. पण फोन उखळावर नीट टिकावा म्हणून टायरच्या ट्यूबची पट्टी कापून खांबाला त्यानंच बांधली. तिखटाची धूळ बसून फोनचा डोळा सारखा लाल व्हायचा, भारती ओल्या फडक्यानं तो पुसायची आणि पलीकडून लगेच आवाज यायचा, "आता कसं स्वच्छ दिसतंय!"

शकुंतलाबाई शेडबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नंबर लावायच्या. कुणाला दुपारी झोपायचं असायचं, कुणाची मालिका असायची. बाळाचार्यांचा फोन आला तेव्हा त्या जरा सावरून बसल्या, कारण आचार्यांच्या घरचं सोवळं सगळ्या मळमड्डीला माहीत होतं. त्यांच्याकडं तिखट घरातच खलबत्त्यात कुटायचे, पण आता कुटणारे हात दुखत होते.

"शकुंतला, एक विचारतो. आमची मिरची पहिल्या घाण्याला, उखळ धुऊन?"

"धुऊन, आचार्य. पहाटेच्या पहिल्याला."

"मी सोवळ्यात बसून बघणार. फोन सून धरेल."

"चालेल ना पण, फोन?"

"शास्त्रात फोनबद्दल काही नाही," आचार्य म्हणाले, "म्हणून माझं मत चालतं. आणि बघण्याला विटाळ नसतो." मागून सुनेचं हसू ऐकू आलं. "हसू नको, नीट धर. मला नुसता पत्रा दिसतोय."

पिशवीची गाठ सुटली, मुसळं बडवू लागली तसे आचार्य पलीकडं काही तरी पुटपुटत होते. भारतीला वाटलं मंत्र असावा. ती हात जोडून उभी राहिली. नंतर सुनेनं सांगितलं, ते 'हळू, हळू' म्हणत होते.

गंमत अशी की बाकही भरू लागला. ज्यांना फोनवर बघता आलं असतं त्याही बायका येऊन बसू लागल्या. आपली पिशवी होईपर्यंत दुसऱ्यांच्या फोनमध्ये डोकवायच्या. "अगो, ही सुमन ना? कधी आलीस पुण्याहून? ... तिथंच आहेस होय!" एका उखळाभोवती अशी दोन-तीन गावं गोळा व्हायची. शकुंतलाबाई बाहेरून हे ऐकायच्या. एके काळी त्यांना रिकाम्या दुपारी वाटायचं की ह्या गावात ज्या ज्या आवाजांनी माणसांना एकत्र आणलं ते एकेक करून उचलून नेले जाताहेत आणि आपण फक्त नोंद करायला उरलो आहोत. आता तसं वाटायला फुरसत नव्हती. नाक गळत होतं, फोन तापला होता, आणि पुढचा नंबर कुणाचा ह्यावर भांडण चाललं होतं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी शंकरण्णा आला.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तृतीयेची मुदत लक्षात ठेवून तो आपण होऊन हुबळीहून लॉरी घेऊन निघाला होता. लॉरी रस्त्यात लावून, लुंगी सावरत तो शेडपाशी आला. बाक भरलेला, रस्त्यावर स्कूटरी, दोन्ही उखळं चालू. भारतीनं त्याला बघितलं आणि तिचा हात फडक्यावरच थांबला. शकुंतलाबाई खुर्चीवरून उठल्या. महेशनं अजून 'ठेवू' असं एकदाही म्हटलं नव्हतं. हंगामभर तो पिशव्या आणत होता, खांबाला पट्ट्या बांधत होता, कुरकुरत होता, पण तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. भारतीनं विचारलंही नव्हतं. विचारलं आणि उत्तर भलतंच आलं तर, म्हणून.

महेश टेम्पोतून पिशव्या उतरवत होता. "बर्री, या शंकरण्णा," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"चहा नंतर. माल उचलू का? हमाल घेऊन आलोय."

महेशनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. डंकाकडे बघितलं, भारतीकडे बघितलं. भारती त्याच्याकडं बघत नव्हती. ती उखळात बघत होती.

"लोखंड तापलंय, अण्णा," तो म्हणाला. "हात लावू नका. भाजेल."

"मग निवल्यावर येऊ?"

"हे आता निवायचं नाही. उगाच हेलपाटा झाला तुमचा." मग तो मोठ्यानं, कुणालाही न उद्देशून म्हणाला, "अक्का, शंकरण्णांना चहा सांगा हो. आणि त्यांच्या हमालांना पण."

भारतीनं फडकं उचललं आणि फोनचा डोळा पुसला. खूप वेळ पुसला. पलीकडून अनिताच्या सासूबाई ओरडल्या. त्यांची ही दुसरी खेप; पाय आता बरा होता तरी त्यांना फोनचीच चटक लागली होती. "अगं भारती, पुसतेस किती? मला काहीच दिसेना!"

शंकरण्णा चहाची वाट बघत शेडच्या आत आला. त्याला ठसका लागला, डोळे वाहू लागले, पण खांबाला बांधलेला तो फोन बघून तो थांबलाच. वाकून पडद्यात डोकावला. पडद्यातल्या चष्म्यानं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"तुम्ही नवे का? उभे काय राहिलात? ते मुसळ थांबवायला सांगा. बारीक झालं माझं."

शंकरण्णानं आजवर कितीतरी यंत्रं बंद पडल्यावर उचलली होती, चालू यंत्रावर त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो गोंधळून मागं वळला, लुंगीच्या टोकानं नाक पुसलं आणि आवाज चढवून म्हणाला, "भारतक्का, साकु अंताररी! पुरे म्हणतायत!"

भारती हसली आणि तिनं यंत्राचा खटका खाली ओढला.